उभ्यासारखी चालणारी जीप

आमच्या गोरेगावात कोणाचं चांगलं बोलायचं झालं तर आधी तो माणूस मरावा लागतो. विश्वंभर अजून धडधाकट आहे, म्हणून त्याच्याबद्दल दोन शब्द लिहायला कोणी बसलेलं नाही. मी बसले. शाळा तिसरीपर्यंत, अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं. पण गुडघा शेकून घ्यायला दर पंधरा दिवसाला मी त्याच्याच जीपमधून सेनगावला जाते. त्यामुळं एवढा हक्क माझा आहे असं मी धरून चालते.

विश्वंभर गोरेगाव ते सेनगाव जीप चालवतो. बावीस वर्षं झाली. जीप त्याची नाही, माणिकरावांची. माणिकरावांचं स्टँडजवळ खत-बियाण्याचं दुकान आहे, दोन जिपा आहेत आणि गावातल्या प्रत्येक गोष्टीवर एक मत आहे. दिलेलं मत ते परत घेत नाहीत. दुकानात बियाण्याची फोडलेली पिशवी परत घेत नाहीत, तसंच.

विश्वंभरचा बाप गवंडी होता. पोरगं लहान असताना बाप त्याच्या हातात ओळंबा द्यायचा. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं लोखंडी वजन. भिंतीला लावून धरलं की भिंत सरळ आहे का कललेली ते कळतं. बाप म्हणायचा, "डोळा खोटं बोलंल, मालक खोटं बोलंल, ओळंबा बोलत न्हाई." पण विश्वंभरला पायाडावर चढलं की घेरी यायची. मग त्यानं ज्या कामात चाकं जमिनीला टेकलेली असतात असं काम धरलं. गवंडीकाम सुटलं, दोरी काही सुटली नाही. जीपच्या आरशाला त्यानं एक दोरा बांधला आणि दोऱ्याला खाली एक जाडजूड हळकुंड. लोखंड बांधलं असतं तर एखाद्या दिवशी काच फुटली असती, आणि हळकुंडाला आमच्या जिल्ह्यात काय तोटा!

लोकांनी बघितलं आणि ठरवून टाकलं, की हे नजर लागू नये म्हणून. महिन्याभरात स्टँडवरच्या चार जिपांत चार हळकुंडं लटकली. एकानं तर वर लिंबू जोडलं, म्हणजे डबल बंदोबस्त. विश्वंभरला कोणी विचारलं नाही. न विचारता माहीत असणं, ह्यालाच आमच्याकडं शहाणपण म्हणतात.

मी विचारलं, कारण मला म्हातारपणी लाज कमी झाली आहे.

"मावशी," तो म्हणाला, "हळकुंड सरळ खाली लटकून ऱ्हायलं म्हंजी माझं चालवणं बराबर. पुढं गेलं म्हंजी ब्रेक जोरात दाबला. मागं गेलं म्हंजी गाडी हिसक्यानं उचलली. बाजूला गेलं तर वळणावर घाई केली. ते माझा मास्तर हाय."

तो चप्पल काढून अनवाणी पायानं ब्रेक दाबतो. मांडीवर झोपलेलं लेकरू अंथरुणावर ठेवताना आई जशी हात काढून घेते, तसा तो पाय काढतो. वळण दिसायच्या आधीच चाल कमी करतो. रस्ता नवा डांबरी झाल्यापासून तर त्याच्या जीपमध्ये बसलं की सुटली कधी आणि पोचली कधी, पत्ता लागत नाही. दुधाचा कॅन डचमळत नाही. दिवस भरलेल्या पोरीला बाळंतपणाला न्यायचं झालं की सासू आधी विश्वंभरच्या घरी निरोप धाडते.

एवढं सगळं असून तो गावात हळू चालवणारा म्हणून बदनाम झाला. ती गोष्ट सांगायची आहे.

दोन वर्षांमागं माणिकरावांचा भाचा सोमेश्वर पुण्याहून परत आला. तिथं काय करत होता ते विचारलं की "फील्डवर होतो" म्हणायचा. मामानं दुसरी जीप त्याच्या हातात दिली. पोरगा वाईट नाही, हसतमुख, म्हाताऱ्यांना हात देऊन चढवतो. पण त्याची गाडी सुटते तेव्हा बसलेल्यांची डोकी मागं जातात, थांबते तेव्हा पुढं येतात, आणि वळणावर जो तो शेजारच्याची माफी मागतो. हॉर्न तर असा, की बैल काय, झाडंसुद्धा बाजूला व्हावीत.

लोकं एकदम खूश. "काय पळवतो राव! काळजाचं पाणी होतं!"

काळजाचं पाणी झालं म्हणजे गाडी पळाली, असा आमचा हिशोब. विश्वंभरच्या गाडीत काळीज जागच्या जागी राहायचं, मग ती पळाली कशावरून? हळूहळू माणसं सोमेश्वरकडं वळली.

मंजुळाबाई ही गावरान अंडी विकणारी बाई. बाजाराला ती स्वतः सोमेश्वरच्या जीपमध्ये बसायची आणि अंड्यांची टोपली विश्वंभरच्या जीपमध्ये ठेवायची. मी एकदा म्हणाले, "मंजुळे, तू तिकडं न् अंडी इकडं, हे गं काय?"

"अंड्याला घाई न्हाई मावशी. मला हाय."

सेनगावला दोन्ही गाड्या मागंपुढं लागायच्या. कधी ही आधी, कधी ती. मंजुळाबाई कंबर धरून उतरायची, विश्वंभरकडून टोपली घ्यायची आणि म्हणायची, "आलास का बाबा तू बी?" जशी काही ती सकाळपासून त्याची वाट बघत बसली होती.

असं चालता चालता एक दिवस माणिकरावांनी स्टँडवर, चार माणसांत, विश्वंभरला बोलावलं.

"विश्वंभर, तुझी गाडी भरायला लई येळ लागून राहिला. लोकं म्हणतात हळू चालवतो."

"मालक, बराबरीनंच पोचतो की."

"पोचून काय उपयोग? पळाल्यावानी वाटाया पायजे." माणिकरावांनी सुपारी फोडली. "हे बघ, आता दोन गाड्या ह्या रस्त्याला झेपत न्हाईत. एक मी विकतो. एक ऱ्हाईल, एक डायवर ऱ्हाईल. बाजाराच्या दिवशी मी सोता बसून बघतो. जाताना सोमेश्वर, येताना तू. मंग माझं मत देतो."

माझं मत देतो, म्हटल्यावर विश्वंभरचा चेहरा उतरला. सेहेचाळीस वय. दुसरं काम येत नाही, दुसरीकडं कुठं स्टेअरिंग मोकळं नाही. बाजाराला पाच दिवस होते.

आता माझी नात प्रतिक्षा. अकरावीला सायन्स घेतलं आहे, सेनगावला रोज ह्याच जिपांनी जाते. तिला हे कळलं तशी तिनं मोबाईलवर वेळ मोजायला सुरुवात केली. जाताना एकाच्या गाडीत, येताना दुसऱ्याच्या. तीन दिवसांनी स्टँडवर सगळ्यांदेखत सांगितलं, "सोमेश्वरदादाला एकोणचाळीस मिनिटं लागतात, विश्वंभरमामाला अडतीस."

मग मंजुळाबाई म्हणाली, "मोबाईलला पोट हाय का?"

"पोटाचा काय संबंध, आत्या?"

"मंग त्याला काय कळतं गाडी किती पळाली ते?"

ह्याचं उत्तर प्रतिक्षाच्या पुस्तकातही नसावं. घरी येऊन पोर फणफणली. मी शेंगा फोडत होते.

"आजी, गाडी किती जोरात चालली हे अंगाला कळतच न्हाई! अंगाला कळतं ते फक्त चाल बदलली की. जोर वाढला, कमी झाला, वळण आलं, तेवढंच. एका चालीनं सरळ चाललेली गाडी आन् उभी गाडी, आत बसलेल्याला दोन्ही सारख्याच."

"म्हंजी डोळे झाकून बसले तर मी सेनगावला गेले काय न् न्हाई गेले काय, सारखंच?"

"आत बसून सांगता येत न्हाई. बाहेर डोकवावं लागतं. उभ्या गाडीत लिंबू सरळ वर फेकलं तर कुठं पडतं?"

"हातात."

"विश्वंभरमामाच्या चालत्या गाडीत बी हातातच पडतं. मी काल करून बघितलं."

"आन् सोमेश्वरच्या?"

"शेजारी बसलेल्या एका कारकुनाच्या डोळ्यावर पडलं."

मग तिनं मला शब्द सांगितला, जडत्वाची चौकट. मी म्हणाले, चौकट मला दाराची माहीत. तर म्हणाली, सोपं आहे. ज्या गाडीत, कोणी ढकललं नाही तर वस्तू आपल्या जागी गुमान राहते, ती चांगली चौकट. ज्या गाडीत कोणी न ढकलता माणसं एकमेकांच्या अंगावर पडतात, ती नव्हे. विश्वंभरमामाची गाडी पुस्तकाइतकी पक्की नाही, रस्त्याला खड्डे आहेत, पण तो तिला बरीच जवळ नेतो.

"आन् आजी, तू बसलीस ती जमीन बी पळून राहिली. सूर्याभोवती. जीपच्या हजारो पट."

मी पाटीतल्या शेंगांकडं बघितलं. एक हलत नव्हती. "मंग ती बी आपला विश्वंभरच चालवत असंल," मी म्हणाले. पोरगी हसली, पण थोडीच. तिला वाटत होतं, एवढं खरं असून कोणाला पटत कसं नाही. तिचं वय सोळा आहे. खरं असणं आणि पटणं ह्यांची गाठ क्वचित पडते, हे कळायला गुडघे दुखायला लागावे लागतात.

मला मात्र विश्वंभरची काळजी लागली. दुसऱ्या दिवशी मी त्याला शहाणपण शिकवलं. म्हणाले, "अरे, लोकायला हिसके पायजेत तर दे की दोन-चार! तुझं काय जातं? भाकरी वाचंल."

त्याला पटलं नाही, पण घरी बायकोनंही तेच सांगितलं होतं. दोन बाया एकच बोलल्या म्हटल्यावर त्यानं मान हलवली. निघताना गाडी अशी उचलली की माझा चष्मा नाकावरून उतरला. पुढं रस्ता मोकळा, माणूस नाही, जनावर नाही, तरी त्यानं ब्रेक दाबला. हळकुंड उडून काचेवर टक्कन आपटलं. विश्वंभरनं कानाला हात लावला. पुन्हा जोर, पुन्हा ब्रेक, पुन्हा टक्कन. मागून आवाज आला, "आज कशी पळून राहिली बघा!"

माळावरच्या वडापाशी त्यानं गाडी कडेला घेतली. पाच-सात मिनिटं स्टेअरिंगवर हात ठेवून नुसता बसला.

"काय झालं रे?"

"न्हाई जमत मावशी. बापानं भिंत वाकडी बांधून दिली असती का, मालकाला वाकडी आवडती म्हून?"

मग तो नेहमीसारखा निघाला. वडापाशी थांबल्यामुळं त्या दिवशी सात मिनिटं उशीर झाला. उतरताना दोघातिघांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, आज लवकर आणलंस म्हणून.

बाजाराचा दिवस उजाडला. सकाळी आम्ही सगळे सोमेश्वरच्या जीपमध्ये. मी, प्रतिक्षा, मंजुळाबाई, आणखी सात-आठ जण आणि मागच्या बाकड्यावर माणिकराव. मालक असून पुढं बसले नाहीत. न्याय करायचा तर जनतेत बसावं, म्हणाले. सोमेश्वरनं मामा बसलाय म्हणून आणखीच मन लावून चालवली. पहिल्या वळणावर माणिकराव मंजुळाबाईच्या अंगावर गेले. दुसऱ्या वळणावर मंजुळाबाई माणिकरावांच्या. मध्ये एक म्हैस आडवी आली तेव्हा ब्रेक लागला आणि माणिकरावांचा फेटा माझ्या मांडीवर आला.

"कोण ढकललं?" माणिकराव गरजले.

मागं ताडपत्रीशिवाय कोणी नव्हतं.

"कोणी न्हाई ढकललं, आबा," प्रतिक्षा म्हणाली. "गाडी थांबली, तुमी थांबला न्हाईत. एवढंच झालं."

"मी काहून थांबू? मी काय चालून राहिलो होतो का? बसलेला होतो!"

माणूस पडला की त्याला ढकलणारा लागतो. ढकलणारा सापडला नाही तर शेजारी बसलेल्याला ते काम मिळतं. माणिकराव सेनगावपर्यंत मंजुळाबाईकडं संशयानं बघत होते. उतरले तेव्हा घाम पुसत म्हणाले, "पळवतो मात्र! मानलं पोराला."

विश्वंभर शेजारी गाडी लावून उभा होता. त्यानं ते ऐकलं. फडक्यानं काच पुसत राहिला, पुसलेलीच.

दुपारी परत निघायच्या वेळी पाऊस लागला. विश्वंभरनं चारी बाजूंनी ताडपत्रीचे पडदे सोडले, बंद लावले. आत आम्ही दहा जण, बाहेरचं काही दिसेना. माणिकरावांनी बाजारात भजी खाल्ली होती, वर बासुंदी. गाडी अजून उभीच होती, इंजिन धडधडत होतं, आणि ते म्हणाले, "मी डोळे मिटून ध्यान देतो. कोणी बोलू नका." दोन मिनिटांत त्यांचं ध्यान इतकं लागलं की तोंड उघडं पडलं.

गाडी कधी सुटली मलाही नक्की सांगता येणार नाही. पडद्यावर पावसाचा आवाज, इंजिनचा एक सूर. मी मुद्दाम प्रतिक्षाचं सांगणं आठवून अंगाला विचारत होते, चाललो का रे? अंग म्हणायचं, ठाऊक नाही. एकदोनदा खड्डा आला तेव्हा कळलं, बाकी घरात बसल्यासारखं.

गोरेगावच्या स्टँडवर गाडी थांबली, पण इंजिन चालूच होतं. तेवढ्यात माणिकराव दचकून जागे झाले. इकडं बघितलं, तिकडं बघितलं, सगळीकडं पडदे. आणि भडकले.

"विश्वंभर! अजून सेनगावातच उभा? आरं, किती माणसं कोंबतो? ह्याच्यामुळंच लोकं तुला सोडून राहिले! सोड गाडी आता!"

मंजुळाबाईनं पदर तोंडाला लावला. विश्वंभर खाली उतरला, मागं आला आणि मुकाट्यानं पडदा वर केला. समोर माणिकरावांचंच दुकान. फळीवर त्यांचाच नोकर खताच्या पिशव्या झाकत होता.

माणिकरावांनी दुकान नीट निरखून बघितलं. परक्याचं असावं अशी आशा असेल.

मग उतरले, फेटा सारखा केला आणि चार माणसं जमलेली बघून मत द्यायला उभे राहिले. "मी बघितलं. सोमेश्वरची गाडी पळती. ह्याची..."

प्रतिक्षा माझ्या कानाशी काहीतरी कुजबुजली. तिनं मोठ्या माणसाला विचारलं असतं तर तो उद्धटपणा झाला असता. मी विचारलं तर ते म्हातारपण. म्हणून मी विचारलं.

"भाऊजी, एक सांगा. तुमी वाटंत झोपला होता का?"

माणिकरावांचे कान लाल झाले. पंचवीस वर्षं गावात मान असलेला माणूस, बायकांत बसून, तोंड उघडं टाकून, निवाडा करायच्या वेळी झोपला? "काय बोलता वैनी! मी टक्क जागा होतो. ध्यान देऊन बसलो होतो!"

"म्हंजी वाटभर जागे."

"वाटभर!"

"मंग गाडी सेनगावातच उभी हाय, असं काहून म्हणालात?"

पाऊस थांबला होता. ताडपत्रीवरून पाणी गळत होतं. माणिकरावांनी सोमेश्वरकडं बघितलं, मग आभाळाकडं. दोन दारं होती. एका दारातून बाहेर पडलं तर अब्रू जात होती. ते दुसऱ्यातून निघाले.

"ह्याच्या गाडीत," ते सावकाश म्हणाले, "माणूस जागा असला तरी गाडी चालली का उभी, ते कळत न्हाई. एवढंच म्हणायचं होतं मला."

"मंग ती हळू चालती, हे कोणाला कळलं?"

चार माणसांनी एकमेकांकडं बघितलं. आपल्याला कळलं होतं असं एकानंही म्हटलं नाही. मंजुळाबाई तर आपल्या पोटाकडं अशी बघायला लागली, जसं त्यानं तिला आजवर फसवलं. मागून कोणीतरी हळूच हसलं, आणि माणिकरावांना घाईनं मत देणं भाग पडलं. दिलेलं मत ते परत घेत नाहीत, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. म्हणून प्रतिक्षानं माझा हात घट्ट दाबून धरला होता.

"विश्वंभर ऱ्हाईल," ते म्हणाले. "दुसरी गाडी मी विकतो. सोमेश्वर दुकानात बसंल. तिथं हिसक्याची गरज हाय." मग जाता जाता थांबले. मालकाचा मोठेपणा थोडा तरी शिल्लक ठेवायला पाहिजे होता. "पण हॉर्न वाजवत जा, विश्वंभर. लोकायला कळाया तर पायजे."

अशी भाकरी वाचली. प्रतिक्षाला वाटतं तिचं पुस्तक जिंकलं. मी तिला तसं वाटू देते. माणिकराव त्या दिवशी खरं बोलले एवढं नक्की, फक्त त्यासाठी त्यांना आधी खोटं बोलावं लागलं.

आता विश्वंभर मोकळ्या माळावर, जिथं चिमणी आडवी येत नाही, तिथं हॉर्न वाजवत जातो. पाय तसाच, चाल तीच. काल मंजुळाबाई माझ्या शेजारी बसली होती. कानावर हात ठेवून म्हणाली, "आता सुधारला बघा. कसा पळवतो!"

उतरताना मी त्याला म्हणाले, "त्या हॉर्नची तुला तकलीफ होत न्हाई का रे?"

"न्हाई मावशी," तो म्हणाला. "हळकुंडाला त्याचं काहीच कळत न्हाई."